रिपोर्ट सगळे नॉर्मल, दुखणं मात्र खरं : याचा व्यक्तिमत्त्व विकाराशी संबंध असतो का?

सुरंगी
माझ्या थोरल्या नणंदेबद्दल विचारायचं आहे. वन्संना सांगूनच लिहितेय. "तुझ्या त्या लोकांक विचार तरी," असं त्याच म्हणाल्या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वन्सं पंचेचाळिशीच्या. लग्न टिकलं नाही, तेव्हापासून आमच्याकडेच आहेत, वेंगुर्ल्याच्या बाजूला. आधी घशात गोळा अडकल्यासारखं वाटायला लागलं. मग पोटात कळा, मग डावा हात बधिर. गेल्या पावसाळ्यापासून झटके येतात. डोळे घट्ट मिटलेले, अंग थरथरतं, बऱ्याच वेळाने थांबतं आणि मग रडू फुटतं. कुडाळ, कोल्हापूर, बांबोळी सगळीकडे दाखवून झालं. एमआरआय, ईईजी, एंडोस्कोपी, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, काही म्हणता काही निघत नाही. साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी फायलींनी भरली आहे. दमट हवेने एक्स-रे एकमेकांना चिकटलेत आणि सोनोग्राफीच्या कागदांवरची चित्रं पुसट होत चालली आहेत.

स्वभाव सांगायचा तर, पहिल्या भेटीत डॉक्टर देवमाणूस आणि तिसऱ्या भेटीत चोर. माझ्याशीही तसंच. सकाळी "तूच माझी खरी बहीण", संध्याकाळी ताट सरकवून खोलीचं दार बंद. रागाच्या भरात "विहीर जवळ आहे" असंही बोलून जातात.

मध्यंतरी एका शहरात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी पाचदहा मिनिटं बोलून "पर्सनॅलिटी डिसऑर्डर" लिहिलं आणि शरीराला काहीही झालेलं नाही असं सांगितलं. परतीच्या गाडीत वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत. घरच्यांनी सोयीचा अर्थ काढला की हे सगळं नाटक आहे. मला ते पटत नाही. बघणारं कुणी नसताना, रात्री दोन वाजता, पडवीत तो हात चोळत बसलेल्या मी त्यांना पाहिलंय.

म्हणून विचारते. स्वभावातला विकार आणि असं कारण न सापडणारं दुखणं यांचा खरंच काही संबंध असतो का? आणि असला तर त्याचा अर्थ दुखणं खोटं असा होतो का?

रापण
आधी पित्ताचं बघा. घशातला गोळा हमखास पित्ताचा असतो. जेवणानंतर सोलकढी आणि रात्रीचं जेवण आठच्या आत.

सुरंगी
दादा, सोलकढी आमच्याकडे रोजच असते. एंडोस्कोपीही झाली आहे.

बांदकर
माझ्या आवशीक असाच होता. पोटात दुखायचा, चक्कर येयची, रिपोर्टात काय एक नाय. गावातल्यांनी सांगल्यानी देवाक कौल लावा. कौल लावलो, गाऱ्हाणा घातला, सगळी भावकी जमली. पंधरा दिवस बरा वाटला तिका. मगे परत सुरू. पण ते पंधरा दिवस आवस पोटभर जेवली, ह्या खरा. कशामुळे ता देवाक म्हायत. बाबा मुंबैक, आमी पोरा शाळेत, ती घरात एकटी. एवढी माणसा तिच्यासाठी पयल्यांदाच जमली असतील.

खाडीकाठचा डॉक्टर
सुरंगीताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करतो, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण असे रुग्ण आधी आमच्याच बाकड्यावर येऊन बसतात, त्यामुळे लिहितो.

सगळ्यात आधी विहिरीचं. "रागात बोलतात" म्हणून ते सोडून देऊ नका. शांत वेळ बघून सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते मनात आहे का?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथे चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा. आंब्याच्या फवारणीची औषधं आपल्याकडे घरोघरी पडवीत उघडी असतात.

आता तुमचा प्रश्न. संबंध आहे, आणि तो अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलाय. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 'सोमॅटायझेशन डिसऑर्डर'चे, म्हणजे वर्षानुवर्षं कारण न सापडणारी अनेक दुखणी असलेले, ९४ रुग्ण घेतले होते. त्यातल्या सुमारे ६१ टक्क्यांना एक तरी व्यक्तिमत्त्व विकार होता. त्यात कुठला विकार सगळ्यात जास्त निघाला, ते तुमच्या घरच्यांना जरूर सांगा. लक्ष वेधून घेणारा, नाटकी म्हणतात तो हिस्ट्रिऑनिक प्रकार बराच मागे होता. पहिल्या क्रमांकावर होता अव्हॉयडंट, म्हणजे लोक नाकारतील या भीतीने मागे राहणारा, संकोची माणूस. त्याखालोखाल संशयी स्वभावाचा.

मात्र ६१ हा आकडा ऐकून प्रत्येक डोकेदुखीवाल्याकडे बोट दाखवू नका. त्या काळी ते निदान होण्यासाठी यादीतली किमान १३ लक्षणं लागायची, तीही तिशीच्या आत सुरू झालेली. म्हणजे ते फार गंभीर रुग्ण होते. आणि उरलेल्या ३९ टक्क्यांना कुठलाच व्यक्तिमत्त्व विकार नव्हता. त्यांचं दुखणं यांच्याइतकंच खरं होतं.

चाकरमानी
डॉक्टर, तिरसट बोलणं, भावाशी वीस वर्षं अबोला आणि बांधावरून कोर्टात जाणं हा विकार धरला, तर आमची अख्खी वाडी ॲडमिट करावी लागेल. गणपतीला आरतीला माणूस उरणार नाही :)

खाडीकाठचा डॉक्टर
चाकरमानी, हसलो, पण मुद्दा अगदी कामाचा आहे. तिरसटपणा हा स्वभाव झाला. विकार म्हणायचा तर तो तरुणपणापासून असावा लागतो, घर-काम-नाती सगळीकडे दिसावा लागतो, वर्षानुवर्षं टिकावा लागतो आणि त्यापायी माणसाचं किंवा त्याच्या जवळच्यांचं जगणं अडायला हवं. तुमच्या वाडीतला माणूस भावाशी बोलत नसेल, पण नोकरी नीट करतो, मित्रांत रमतो, झोपतो. त्याला विकार नाही. त्याला सातबारा आहे.

हे पाचदहा मिनिटांत ठरत नसतं हे उघडच आहे. आणि माणूस तीव्र दुखण्यात किंवा नैराश्यात असताना तर ठरवूच नये. त्या अवस्थेत कुणीही संशयी, चिडका आणि चिकट वाटतो.

कातळसडा
शेवटच्या दोन वाक्यांसाठी आभार, पण मला या सगळ्या विषयाबद्दलच राग आहे आणि तो इथे मांडते.

माझ्या ओटीपोटात कॉलेजपासून दुखायचं. पाळीच्या दिवसांत उभं राहता येत नसे. एका मोठ्या दवाखान्यात माझ्या फायलीत "चिंतातुर, लक्ष वेधून घेण्याची प्रवृत्ती" असं लिहिलं गेलं. पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी ती ओळ वाचायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी एका डॉक्टर बाईंनी दुर्बिणीतून बघितलं, तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार. आतडं चिकटलं होतं. सोनोग्राफीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून माझे रिपोर्ट "नॉर्मल".

बाईचं दुखणं समजलं नाही की तिच्या स्वभावावर ढकलायचं, ही जुनी खोड आहे. हिस्टेरिया नावाचं दुकान याच मालावर चाललं. १९६५ साली एलियट स्लेटर नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानेच लिहून ठेवलं की हिस्टेरियाचं निदान म्हणजे अज्ञानाला चढवलेला मुखवटा आहे. सुरंगी, पिशवीतल्या फायली एकदा नव्या डोळ्यांनी बघून घे. पोटातल्या कळा पाळीशी जुळतात का, हे कुणी विचारलं होतं का?

सुरंगी
ताई, नाही. हे कुणीच विचारलं नव्हतं. आज विचारते.

अबोली
कातळसडा, तुझं लिहिणं वाचून मला आमच्याकडे येणाऱ्या किती जणी आठवल्या. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सिंधुदुर्गात काम करते. राग रास्त आहे. तरी एक गोष्ट जपून सांगते. चुकलेल्या निदानाचा धडा "मनाचा शरीराशी संबंध नाही" असा काढला, तर वन्संसारख्या माणसाचं दुसऱ्या बाजूने नुकसान होतं. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा दुर्बीण, कधी तर विनाकारण ऑपरेशन. अपेंडिक्स आणि गर्भाशयाची पिशवी दोन्ही काढून झालेल्या आणि तरीही दुखणाऱ्या बायका मी बघते.

स्लेटरनंतर बरंच पाणी वाहून गेलंय. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. कन्व्हर्जन म्हणजे अर्धांगवायू किंवा झटक्यांसारखी लक्षणं मनोशारीरिक ठरवलेल्या लोकांपैकी पुढे किती जणांना दुसराच आजार निघाला, हे त्यात पाहिलं होतं. पन्नासच्या दशकातल्या अभ्यासांत तो आकडा २९ टक्के होता, १९७० नंतरच्या अभ्यासांत ४ टक्क्यांच्या आसपास.

कातळसडा
शंभरात चौघी. मी त्या चौघींतली असले तर मला शहाण्णव जणींचं काय करायचंय? आणि तो आकडा अर्धांगवायू-झटक्यांचा आहे, ओटीपोटाच्या दुखण्याचा नव्हे. एंडोमेट्रिओसिसचं निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात, हे तुम्हीही जाणता.

अबोली
ओटीपोटाबद्दल शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी नेहमी दोन्ही दारं उघडी ठेवा असं म्हणते. आता जगभरच्या वर्गीकरणातही हे बदललंय. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, "वैद्यकीय कारण सापडलं नाही" ही अटच काढून टाकली. आता सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर म्हणताना विचारतात, की या लक्षणापायी माणसाचे विचार, भीती, धावपळ किती वाढली आहे. लक्षण एंडोमेट्रिओसिसचं असलं तरी चालतं. म्हणजे कारण सापडलं नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवायचं नाही आणि कारण सापडलं म्हणून मनाची काळजी सोडायची नाही.

आता हे दोन्ही एकत्र का येतात, ते माझ्या अनुभवातून. लहानपणी मार, उपेक्षा, अत्याचार किंवा घरात कायम धास्ती असली की दोन्हीची शक्यता वाढते. भावना आवरायला मोठ्या माणसाने शिकवायचं असतं. ते शिकवणारं माणूसच भीतीचं कारण असेल, तर मूल पुढे नात्यांत कधी चिकटतं, कधी झिडकारतं. आणि त्याच मुलाचं शरीर सतत सावध राहतं. श्वास उथळ, स्नायू ताठ, आतडं अस्वस्थ, झोप तुटक. वेदनेची यंत्रणाच संवेदनशील होते. साधा स्पर्श, साधा गॅस मोठा जाणवतो. हे मज्जासंस्थेत घडतं, माणूस ठरवून करत नाही.

काही जणांना आपल्याला काय वाटतंय हे ओळखताच येत नाही. पीटर सिफनिओस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याला ॲलेक्सिथायमिया म्हटलं. माझ्याकडे एक काकू यायच्या. मुलगा गेल्याचं सांगताना चेहऱ्यावर रेष हलली नाही, पण सांगतासांगता उजवा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. "इथे दगड आसा," म्हणाल्या. दुःख झालंय का विचारलं, तर "तसा काय नाय, फक्त दगड आसा." ईसीजी, इको, सगळं आधी झालेलं होतं. आम्ही त्या दगडाबद्दलच बोलत गेलो. तो कधी जड होतो, कुणी आलं की हलका होतो. दुःख हा शब्द त्यांनी फार पुढे, स्वतःहून वापरला.

हापूसप्रेमी
वाचतोय. इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. आमच्या घरी पण एक काका आहेत, दर आठवड्याला ईसीजी. फरक एवढाच की त्यांचा स्वभाव एकदम गोड. मग त्यांना काय म्हणायचं?

खाडीकाठचा डॉक्टर
काका म्हणायचं :) कारण न सापडणारी दुखणी असलेल्या बऱ्याच लोकांचा स्वभाव छान असतो. काकांना आजाराची भीती आहे, त्याचे उपचार वेगळे आहेत आणि चांगले आहेत. दर आठवड्याचा ईसीजी मात्र भीतीला खतपाणी घालतो. आज नॉर्मल आला की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा शंका.

ओहोटी
मी इथे फारसं लिहीत नाही. मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे भावना आणि नाती टोकाची वरखाली होणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकाराचं, निदान आहे, तिशीत आहे, दापोलीजवळ राहते. या धाग्यात वन्संबद्दल सगळे बोलतायत, म्हणून त्या बाजूने कुणीतरी लिहावं असं वाटलं.

देवमाणूस आणि चोर, हे माझ्याकडूनही होतं. बाहेरून बघताना ते लबाडीसारखं दिसत असेल. आतून असं असतं की समोरच्याने घड्याळाकडे बघितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, आता हाही जाणार. त्या क्षणी आधीचा सगळा चांगुलपणा आठवतच नाही. खरंच आठवत नाही. आणि तेव्हाच पाठ, मान, डोकं, सगळं एकदम पेटतं. मी ते आणत नाही. मला ते थांबवता आलं असतं तर मी कधीच थांबवलं असतं.

अजून एक. मला ताप आला, दात दुखला, पाय मुरगळला, तरी फायलीवरचं ते निदान बघून "ताण आला असेल" हे उत्तर मिळालंय. म्हणून मी काही डॉक्टरांना ते सांगतच नाही. न सांगण्याने औषधांचा घोळ होऊ शकतो हे कळतं, पण तुम्हीही समजून घ्या.

आणि घरच्यांसाठी. हा स्वभाव मरेपर्यंत असाच राहतो असं लोक सांगतात, ते खरं नाही. अमेरिकेत मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झनारिनी यांच्या गटाने बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी निकषांच्या खाली आली होती. नोकरी आणि नाती दोन्ही नीट बसणं याला जास्त वेळ लागतो, ते साधारण निम्म्यांनाच जमलं. पण निम्म्यांना जमलं. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बॉर्डरलाइनवरची बोलण्याची उपचारपद्धत काढणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ साली जाहीर सांगितलं की त्या स्वतः तरुणपणी अशाच आजारासाठी दवाखान्यात होत्या. मी ते वाचलं त्या दिवशी घरभर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

सुरंगी
ओहोटी, हे मी वन्संना वाचून दाखवलं. पोटात खड्डा पडतो तिथे मला थांबवून म्हणाल्या, "परत वाच."

रापण
ओहोटी, लिहीत राहा.

मिरग
थोडं अवांतर. आमच्याकडे अशा बाईला आधी बाहेरचं बघणाऱ्याकडेच नेतात. शेजारच्या गावात झटके येणाऱ्या मुलीला भूत उतरवतो म्हणून दोरीने बांधून मारलं होतं. लोक गप्प बसून बघत होते. त्यावर कुणी काही बोलणार का? बांदकरांचं गाऱ्हाणं मला समजतं, पण रेषा कुठे ओढायची?

बांदकर
मिरगा, माका इचारशीत तर रेष सरळ आसा. देवाक हात जोडूक कोणाची हरकत नाय. माणसाक हात लावलो की संपला. आणि औषध बंद करा सांगणारो भेटलो तर तेका उंबऱ्याच्या भायर ठेवचो.

अबोली
बांदकरदादांना अनुमोदन. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, दोरीने किंवा साखळीने बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे.

मी देवस्थानाला विरोध करत नाही. आवशीभोवती भावकी जमली आणि ती पोटभर जेवली, ह्यात उपचाराचा एक मोठा भाग येऊन गेला. तिच्या दुखण्याला चार माणसांनी खरं मानलं. अडचण पुढच्या सोळाव्या दिवशी सुरू होते, कारण भावकी आपापल्या घरी गेलेली असते आणि आवस पुन्हा एकटी.

चाकरमानी
अवांतरात अवांतर. आमच्या लहानपणी घरात कुणी जरा वेगळं वागलं की "हिका रत्नागिरीक धाडूक व्हया" म्हणायचे. रत्नागिरीत हापूसशिवाय काय आहे हे मला तेव्हा कळत नसे. नंतर कळलं की तिथे मनोरुग्णालय आहे.

खाडीकाठचा डॉक्टर
१८८६ पासून आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, अशी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. तो टोमणा पिढ्यान् पिढ्या चालत आल्यामुळे लोक तिथल्या बाह्यरुग्ण विभागातही पाऊल टाकायला घाबरतात, मग कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतात. खरं तर मानसोपचाराची ओपीडी आता जिल्हा रुग्णालयातही असते. शेजारी कोण बघेल ही धास्ती असणाऱ्यांना तिथे जाणं सोपं पडतं, कारण तिथे हाडाचे, डोळ्याचे सगळेच रुग्ण असतात.

सुरंगीताई, मूळ मुद्द्याकडे येतो. झटका आला की मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा, मात्र वन्संची परवानगी आधी शांतपणे घेऊन. अपस्माराच्या बहुतेक मोठ्या झटक्यांत डोळे उघडे असतात आणि झटका दोनतीन मिनिटांत आटोपतो. डोळे घट्ट मिटलेले आणि बराच वेळ थरथर, हे फंक्शनल झटक्याकडे, म्हणजे मेंदूची रचना शाबूत पण कामात गडबड अशा झटक्याकडे, बोट दाखवतं. एकट्या या खुणेवर निदान होत नाही, खात्रीसाठी व्हिडिओ-ईईजी, म्हणजे झटक्याचं चित्रण आणि मेंदूच्या लहरींची नोंद एकाच वेळी, लागतो, पण न्यूरॉलॉजिस्टला तुमच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ दहापट उपयोगी.

फंक्शनल म्हणजे काही नाही असं नव्हे. हूव्हर नावाच्या डॉक्टरने १९०८ मध्ये सांगितलेली एक साधी तपासणी मी आजही करतो. पाय लुळा पडलेला रुग्ण उताणा झोपतो. मी त्या लुळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवतो आणि टाच खाली दाबायला सांगतो. जोर लागत नाही. मग दुसरा, चांगला पाय वर उचलायला सांगतो, मी वरून विरोध करतो. आणि लुळ्या पायाची टाच माझ्या तळहातावर आपोआप दाबली जाते. स्नायू शाबूत, नस शाबूत. फक्त लक्ष देऊन हलवायला गेलं की हुकूम पोचत नाही. पूर्वी डॉक्टर हे रुग्णाला पकडल्यासारखं करायचे. आता मी रुग्णालाच ते दाखवतो, "हे बघा, ताकद आहे, वाट अडली आहे." एका रिक्षावाल्या भावाने हे बघून पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा भिडवला होता.

कातळसडा
हे दाखवणं मला आवडलं. "रिपोर्ट नॉर्मल" हे वाक्य नकाराचं असतं. इथे तुम्ही होकारार्थी खूण दाखवताय. माझ्याशी कुणी असं बोललं असतं, तर आजार कुठलाही निघाला असता तरी मी एवढी कडवट झाले नसते. स्वभावाचं निदान फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईत नको, या मतावर मात्र मी ठाम आहे.

अबोली
लाल शाईत नकोच. आयसीडी-११ ही जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी २०२२ पासून लागू आहे. त्यात व्यक्तिमत्त्व विकाराचे ते जुने नावांचे डबे बहुतेक काढून टाकलेत आणि सौम्य, मध्यम, तीव्र अशी तीव्रता बघायला सांगितलंय. बॉर्डरलाइनची खूण मात्र हवी तर लावता येते. तीव्रता बदलू शकते हे त्यात गृहीत आहे.

सुरंगी
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, घरात सुपारीची कामं चालू होती.

बऱ्याच गोष्टी झाल्या. वन्संशी विहिरीबद्दल सरळ बोलले. आधी चिडल्या, मग बराच वेळ बोलल्या. मरायचं नाही, पण कुणी थांबवावं असं वाटतं, म्हणाल्या. त्यांच्यासमोर १४४१६ ला फोन लावून दिला आणि मी बाहेर जाऊन बसले. फवारणीची औषधं यांनी कुलपात टाकली. पोटातल्या कळा पाळीशी जुळतात, हे वन्संनी कॅलेंडरवर खुणा करून स्वतःच दाखवलं. कातळसडाताई, स्त्रीरोगतज्ज्ञांची तारीख घेतली आहे. झटक्याचा व्हिडिओही आहे.

आता पुढचा प्रश्न. तालुक्याच्या गावात एक वयस्क डॉक्टर आहेत, ते वन्संना नियमित बघायला तयार आहेत. पण ते विचारतात, "मी नेमकं काय करू?" त्यांना काय सांगू? आणि गणपतीला भावकी जमली की "काय, नाटक संपला काय?" हे ऐकावं लागणार, तेव्हा काय बोलायचं?

खाडीकाठचा डॉक्टर
त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, अर्धी लढाई तिथेच झाली. १९८६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला होता. सोमॅटायझेशनच्या रुग्णांच्या नेहमीच्या डॉक्टरांना मानसोपचारतज्ज्ञाने फक्त एक सल्ल्याचं पत्र पाठवायचं. तेवढ्या पत्राने त्या रुग्णांचा तिमाही वैद्यकीय खर्च ५३ टक्क्यांनी उतरला आणि तब्येत बिघडली नाही. पत्रात काय होतं ते सांगतो. रुग्णाला चार ते सहा आठवड्यांनी ठरलेल्या तारखेला बोलवा, दुखणं वाढल्यावरच ये असं सांगू नका. दर भेटीत थोडक्यात पण हाताने तपासा. ठोस खूण दिसल्याशिवाय नवी तपासणी, भरती, ऑपरेशन करू नका. आणि "हे सगळं तुमच्या मनात आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका.

ठरलेली तारीख हा यातला गाभा आहे. भेट मिळायला आजारी पडावं लागत नाही. ओहोटीने लिहिलेला तो पोटातला खड्डा, आता हाही जाणार, त्यावर याच्याइतकं साधं औषध मला माहीत नाही. भेट वीस मिनिटांची ठरली असेल तर वीसच मिनिटांची, पण ती चुकवायची नाही. सोबत अबोलीताईंसारख्या कुणाकडे थेरपी चालू ठेवा.

ओहोटी
आणि डॉक्टर सुट्टीवर जाणार असतील तर आधी सांगायला सांगा. आमच्यासारख्यांना ते दारावर पाटी वाचून कळलं की फार लागतं.

अबोली
भावकीचं उत्तर वन्संनाच ठरवू द्या, त्यांच्या वतीने तुम्ही खुलासे देऊ नका. मी बायकांना एक वाक्य तयार करायला लावते आणि ते मोठ्याने म्हणायची सवय करून घेते. उदाहरणार्थ, "नसांचा त्रास आहे, उपचार चालू आहेत, बरं वाटतंय." खोटं काही नाही आणि पुढे प्रश्नाला जागा नाही. निदानाचं नाव कुणाला सांगायचं, हा त्यांचा हक्क आहे. तुम्ही आणि तुमचे यजमान मात्र एक करा. झटका आल्यावर सगळं घर गोळा करू नका. पडून लागणार नाही एवढं बघा, एकाने जवळ बसा, हलक्या आवाजात बोला. आणि झटका नसलेल्या दिवशी मुद्दाम अर्धा तास त्यांच्याबरोबर काढा, मासे साफ करताना, फुलं ओवताना, काहीही.

बांदकर
भावकीक मी गप करतंय. आमच्या गाऱ्हाण्यात ह्या वर्षी एक ओळ वाढवूक सांगतंय, "ज्येका दुखता तेच्यावर इस्वास ठेवची बुद्धी घरच्यांक दी रे म्हाराजा." व्हय म्हाराजा!

चाकरमानी
व्हय म्हाराजा! आमच्या वाडीतपण घालतो.

सुरंगी
बांदकरदादा, ती ओळ वन्संनी लिहून घेतली.

एक शेवटचं, डॉक्टर. नवी तपासणी लगेच नको म्हणता, पण उद्या काही खरंच नवं झालं तर ते ओळखायचं कसं? मला तीच भीती वाटते.

खाडीकाठचा डॉक्टर
भीती योग्य आहे. नेहमीचं दुखणं नेहमीच्या जागी वाढलं तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबायला हरकत नाही. पण वजन न ठरवता उतरलं, ताप राहिला, शौचातून किंवा उलटीतून रक्त गेलं, छातीत दुखून घाम फुटला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, लघवी-संडासवरचा ताबा गेला, झटक्यात जीभ चावली किंवा मोठी जखम झाली, किंवा आधी कधीच नव्हतं असं काही अचानक सुरू झालं, तर तारखेची वाट बघू नका. फायलीवर कुठलंही निदान असो, त्या दिवशी त्यांना नव्या रुग्णासारखं तपासलं गेलं पाहिजे. आणि ती पिशवी रिकामी करून तारखेप्रमाणे लावा. एका कागदावर कुठली तपासणी कधी, कुठे झाली आणि काय निघालं एवढं लिहा. पुसट झालेल्या कागदांचे फोटो आजच काढून ठेवा. तो एक कागद आणि मोबाइलमधला व्हिडिओ, एवढंच घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.